शत्रूचा वारच लागत नाही: ‘शील्ड’ आणि इतर संरक्षक मंत्रांचा बिघडलेला तोल कसा सावरावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मोहीम पाचव्या लेव्हलच्या आसपास पोहोचली की अनेक टेबलांवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा डोके वर काढते. चमूतील एका पात्राला शत्रूचा वारच लागत नाही. डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वार लागल्याचे सांगावे, खेळाडूने ‘शील्ड’ हा संरक्षक मंत्र म्हणावा आणि तो वार हुकावा, असे प्रत्येक फेरीत घडू लागते. डीएम पुढच्या खेपेला अधिक बलवान राक्षस आणतो, तेव्हा ते पात्र किरकोळ ओरखड्यांवर निभावते आणि त्याच्या शेजारचा बार्ड (गायक-मांत्रिक) मात्र दोन फेऱ्यांत आडवा होतो. मग मंत्रावर बंदी घालण्याची भाषा सुरू होते, खेळाडू नाराज होतो आणि दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या मंत्रावरून हाच वाद नव्याने पेटतो.

ही अडचण वारंवार येण्याचे कारण असे की बहुतेक वेळा उपाय चुकीच्या ठिकाणी केला जातो. संरक्षक मंत्र कोणाच्या अंगावर बसतो, दिवसातून किती वेळा वापरता येतो आणि तो वापरताना खेळाडूला कशावर पाणी सोडावे लागते, या तीन गोष्टींवर त्याचे वजन ठरते. मंत्राच्या वर्णनातला आकडा त्यानंतर येतो. म्हणून आधी निदान करावे आणि नियमाला हात सर्वांत शेवटी लावावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील आकडे २०१४ च्या पुस्तकांतील आहेत. २०२४ च्या सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’मध्येही ‘शील्ड’चा गाभा तोच राहिला आहे.

प्रथम गणित पाहू. वार करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपला अटॅक बोनस मिळवतो आणि बेरीज समोरच्याच्या एसीइतकी (आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा) किंवा अधिक झाली तर वार लागतो. फाशावर २० पडल्यास तो नेहमीच लागतो. या आवृत्तीत हे आकडे मुद्दाम अरुंद पट्ट्यात ठेवलेले आहेत. साध्या ऑर्कचा एसी १३ आहे आणि प्रौढ लाल ड्रॅगनचा १९, म्हणजे दोघांत अवघा ६ चा फरक. ‘शील्ड’ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र आहे आणि तो ५ देतो. शिवाय हे ५ फक्त समोरच्या एका वारापुरते मिळत नाहीत, तर आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतात. इतक्या अरुंद पट्ट्यात ५ ही फार मोठी रक्कम आहे.

आता तीच रक्कम दोन वेगवेगळ्या पात्रांवर ठेवून पाहावी. पाचव्या लेव्हलच्या विझार्डने (मांत्रिकाने) ‘मेज आर्मर’ हा चिलखताऐवजी वापरायचा मंत्र घेतला आहे आणि त्याचा डेक्स्टेरिटी (चपळाई) मॉडिफायर २ आहे, म्हणून त्याचा एसी १५. ऑर्कचा बोनस ५ असल्याने त्याला फाशावर १० लागतात. वार लागण्याची शक्यता ५५ टक्के. ‘शील्ड’ने एसी २० झाला की ही शक्यता ३० टक्क्यांवर येते, म्हणजे पूर्वी लागणाऱ्या वारांपैकी निम्म्याहून थोडे अधिक वार तरीही लागतात. दुसरीकडे एल्ड्रिच नाइट, म्हणजे थोडे मंत्र जाणणारा लढवय्या, घेऊ. साखळी चिलखताचे १६, ढालीचे २ आणि ‘डिफेन्स’ शैलीचा १ मिळून त्याचा एसी १९. त्याच ऑर्कची शक्यता आधीच ३५ टक्क्यांवर आलेली असते आणि ‘शील्ड’ने एसी २४ झाला की ती १० टक्के उरते. पूर्वीच्या दहा वारांपैकी आता तीनही धड लागत नाहीत. तोच मंत्र, तोच पहिल्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र म्हणण्याची मोजकी संधी), पण विझार्डला तो जेमतेम तारतो आणि जाड चिलखतातल्या लढवय्याला जवळजवळ अभेद्य करतो. त्यात कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ धरले तर सरासरीने त्या विझार्डचे हिट पॉइंट (किती इजा सोसता येते याचा आकडा) ३२ आणि लढवय्याचे ४४ असतात, म्हणजे ज्याला गरज कमी त्याच्याच पदरात दान जास्त पडते. टेबलावरचा राग बहुधा या दुसऱ्या पात्रामुळे असतो आणि बंदी आली की तिची झळ मात्र पहिल्याला बसते.

याच गणितातून हेही दिसते की शत्रूचा अटॅक बोनस वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. ऑर्कचा बोनस ५ वरून ९ केला, तर ‘शील्ड’खालच्या लढवय्याला वार लागण्याची शक्यता १० वरून ३० टक्के होते. पण एसी १५ असलेल्या बार्डसाठी तीच शक्यता ५५ वरून ७५ टक्क्यांवर जाते आणि त्याच्याजवळ बचावाला काहीच नसते. सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि इथे तर ओलेच आधी जळते. शिवाय लढवय्याच्या खेळाडूला यातून एकच बोध होतो: बरे झाले एवढे संरक्षण घेतले, आता आणखी घ्यायला हवे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे नियम नीट पाळले जात आहेत का हे तपासणे. हे काम किरकोळ वाटते, पण पुष्कळदा अर्धी तक्रार इथेच मिटते. ‘शील्ड’ला शब्द आणि हस्तमुद्रा दोन्ही लागतात, हस्तमुद्रेसाठी एक हात रिकामा हवा. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल असलेल्या पात्राला ‘वॉर कास्टर’ फीट (निवडून घेतलेले खास कौशल्य) नसेल, तर त्याला हा मंत्र म्हणताच येत नाही. या मंत्राला कोणतेही साहित्य लागत नसल्यामुळे हातातल्या फोकसची (साहित्याऐवजी धरायच्या वस्तूची) सबबही चालत नाही. खेळाडूने आपली पाळी संपताना तलवार म्यान केली तर हात मोकळा होतो हे खरे, पण मग जवळून पळणाऱ्या शत्रूवर त्या तलवारीने संधी-वार करता येत नाही. ही अदलाबदल खरी आहे आणि ती खेळात दिसली पाहिजे. ‘मेज आर्मर’ चिलखतावर चढत नाही. एकच मंत्र दोघांनी एकाच पात्रावर टाकला तरी त्याची बेरीज होत नाही. एका व्यक्तीला एका वेळी एकाच मंत्रावर कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवण्यासाठी लागणारी एकाग्रता) ठेवता येते. आणि रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती, जी ‘शील्ड’ला लागते) फेरीत एकच असते, तीही आपली पाळी आली की परत मिळते, शत्रूची पाळी बदलली म्हणून नव्हे.

याच पायरीवर टेबलाची एक सवय तपासावी, कारण तिच्यावर फारच थोडे लोक बोलतात. डीएम वाराची बेरीज मोठ्याने सांगतो का? “एकवीस, लागला का?” असे विचारले, तर एसी १९ असलेल्या खेळाडूला ‘शील्ड’ने हा वार नक्की हुकेल हे आधीच कळते आणि त्याचा एकही स्लॉट कधी वाया जात नाही. नियमानुसार ‘शील्ड’साठी वार लागलेला असणे पुरेसे आहे, बेरीज सांगण्याचे बंधन नाही. ती न सांगता फक्त “वार लागला” एवढे सांगितले, तर वरच्या ऑर्कच्या बाबतीत लढवय्याचा मंत्र सातपैकी पाच वेळा उपयोगी पडतो आणि विझार्डचा अकरापैकी पाच वेळा. हा फरक लढवय्याच्या बाजूने झुकलेला आहे, म्हणून एवढ्याने प्रश्न सुटत नाही. तरीही मंत्र म्हणण्याआधी क्षणभर विचार करावा लागतो आणि संरक्षणाला पुन्हा जोखमीची चव येते. मात्र ही पद्धत बदलायची असेल तर सत्राच्या सुरुवातीला सांगून बदलावी. ऐन लढाईत अचानक आकडे लपवू लागलेला डीएम खेळाडूंना आपल्याविरुद्ध खेळतो आहे असे वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे.

दुसरी पायरी दिवसाची. माझ्या मते बिघाडाचे सर्वांत मोठे मूळ इथे आहे. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ने दोन लाँग रेस्टच्या (स्लॉट परत देणाऱ्या मोठ्या विश्रांतीच्या) मध्ये मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी तीन-चार तास जमणाऱ्या मंडळींच्या सत्रात एखादी मोठी लढाई होते आणि त्यानंतर पात्रे निवांत झोपी जातात. पाचव्या लेव्हलच्या एल्ड्रिच नाइटकडे पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट असतात. दिवसात चार फेऱ्यांची एकच लढाई असेल, तर तो चारपैकी तीन फेऱ्या २४ च्या एसीने काढतो. सहा चकमकी असतील, तर दोन चकमकींमागे एकदाच ‘शील्ड’ वाट्याला येते आणि ते कोणत्या क्षणी खर्चायचे हा खरोखरचा निर्णय होतो. जड चिलखताची मुभा मिळावी म्हणून क्लेरिकची (पुरोहित वर्गाची) एक लेव्हल घेतलेल्या आणि उरलेल्या चार लेव्हल विझार्डच्या घेतलेल्या पात्राचे प्रकरण याहून अवघड असते, कारण त्याचे चार, तीन आणि दोन असे एकूण नऊ स्लॉट ‘शील्ड’वर खर्ची पडू शकतात. अशा पात्रासमोर एका लढाईचा दिवस ठेवला, तर संरक्षण कधी संपतच नाही.

यावर सहा चकमकी एका संध्याकाळी कोंबणे हा उपाय नाही. सत्र संपले म्हणून पात्रांचा दिवस संपलाच पाहिजे असे कुठे आहे? एक दिवस दोन किंवा तीन सत्रांत पसरवावा, स्लॉटचा हिशेब कागदावर जपावा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करावी. चोवीस तासांत एकाच लाँग रेस्टचा लाभ मिळतो, हा नियमही काटेकोर पाळावा. सकाळी उठून एक लढाई आणि दुपारी पुन्हा झोप, हे त्यात बसत नाही. प्रवासप्रधान मोहिमेत त्याच पुस्तकातला पर्यायी नियम फार उपयोगी पडतो, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा होतो. कथेत घड्याळ असावे. पहाटेपर्यंत बळी दिला जाणार असेल, तर वाटेत आठ तास मुक्काम करण्याची किंमत काय हे खेळाडूंना सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी चकमकीच्या रचनेची. एसी हा बचावाचा एक दरवाजा आहे आणि संरक्षक मंत्र बहुधा तोच एक दरवाजा बंद करतात. शत्रूने त्याच दारावर धडका मारत राहणे हे त्याच्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही. चार ऑर्कांच्या जोडीला एक कल्ट फॅनॅटिक उभा करावा. हा चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) २ चा साधा शत्रू आहे आणि त्याच्या मंत्रांची सेव्ह डीसी (मंत्रातून वाचण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा) अवघी ११ आहे. त्याचे ‘सेक्रेड फ्लेम’ एसीकडे पाहतच नाही; तिथे डेक्स्टेरिटीची सेव्ह लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याकडे ‘होल्ड पर्सन’ आहे. विझ्डम १० असलेला लढवय्या त्या सेव्हमध्ये निम्म्या वेळा अपयशी ठरतो. ठरला, की तो जागच्या जागी खिळतो, त्याला रिअ‍ॅक्शन घेता येत नाही आणि म्हणून ‘शील्ड’ही म्हणता येत नाही. ऑर्कांना त्याच्यावर दोन फाशांपैकी मोठा घेण्याची सवलत मिळते, त्यामुळे एसी १९ विरुद्धची ३५ टक्क्यांची शक्यता ५८ च्या जवळ जाते आणि पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट करणारा, होतो. त्या क्षणी क्लेरिकने फॅनॅटिकच्या अंगावर धावून त्याचे कॉन्सन्ट्रेशन मोडायचे की ऑर्कांना अडवायचे, असा प्रश्न सगळ्या चमूपुढे उभा राहतो. लढाई पुन्हा सर्वांची होते.

तरी हे हत्यार रोज उपसू नये. ज्या खेळाडूने ढाल, चिलखत आणि मंत्र निवडून बचावाला वाहिलेले पात्र घडवले, त्याला प्रत्येक चकमकीत खिळवून ठेवणे म्हणजे त्याची निवड रद्द करणे होय. काही लढायांत ऑर्कांनी त्याच्यावर व्यर्थ वार करत राहावे, पुलाच्या तोंडाशी तो एकटा उभा राहावा आणि मागचे तिघे सुखरूप पार व्हावेत. तोल सावरणे याचा अर्थ संरक्षण निरुपयोगी करणे असा मी कधीच घेत नाही.

शत्रूंच्या पाळ्यांचा क्रमही पुष्कळ काम करतो. रिअ‍ॅक्शन फेरीत एकच असल्यामुळे ‘शील्ड’, ‘काउंटरस्पेल’, ‘अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स’ आणि संधी-वार हे सगळे एकाच गल्ल्यावर हात घालतात. धनुर्धाऱ्यांचे बाण आधी आले आणि त्यावर विझार्डने ‘शील्ड’ म्हटले, तर नंतर येणाऱ्या ‘फायरबॉल’ला अडवायला ‘काउंटरस्पेल’ उरत नाही. आठ डी६ ची (सहा बाजूंच्या आठ फाशांची) ती आग सरासरी २८ ची असते. शत्रूंमध्ये दोन-तीन वेगळ्या प्रकारचे धोके असले, की कोणती रिअ‍ॅक्शन राखून ठेवायची याचा विचार खेळाडू आपोआप करू लागतात. ‘मिरर इमेज’चा प्रश्न याहून सोपा आहे: तीन प्रतिमा मोठ्या राक्षसाचे तीन मोलाचे वार गिळतात, पण सहा गॉब्लिनांच्या किरकोळ वारांपुढे एका फेरीतच बऱ्याचशा नाहीशा होऊ शकतात.

आता खऱ्या ढिगाऱ्याकडे येऊ, म्हणजे अनेकांनी मिळून एकाच पात्रावर रचलेल्या संरक्षणाकडे. पूर्ण प्लेटचे १८, ढालीचे २, ‘डिफेन्स’चा १, क्लेरिकच्या ‘शील्ड ऑफ फेथ’चे २ आणि विझार्डच्या ‘हेस्ट’चे २ मिळून एसी २५ होतो. साध्या ऑर्कला फाशावर २० शिवाय वार मिळत नाही. तरुण लाल ड्रॅगनचा बोनस १० असूनही त्याची शक्यता ३० टक्केच राहते आणि वर पुन्हा ‘शील्ड’ म्हटले तर तोही २० वर अवलंबून राहतो. हे पाहून डीएम हताश होतो, पण या मनोऱ्याचे दोन खांब लढवय्याच्या अंगावर नसून मागे उभ्या असलेल्या दोघांच्या कॉन्सन्ट्रेशनवर उभे आहेत. विझार्डला इजा झाली की १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांपैकी मोठ्या आकड्याची सेव्ह त्याला करावी लागते. ती चुकली की ‘हेस्ट’ तर जातेच, शिवाय लढवय्याला त्याची पुढची पाळी संपेपर्यंत हालचाल किंवा कृती करता येत नाही. म्हणून अशा चमूपुढे उंचावरचे धनुर्धारी, बाजूने घुसणारे लांडगे किंवा उडणारे शत्रू असावेत. मनोरा रचू द्यावा. तो कशावर उभा आहे हे मात्र शत्रूंच्या लक्षात यावे.

हे सगळे करूनही एखाद्या टेबलावर अडचण उरते, विशेषतः जिथे मंडळींना छोट्या चकमकींत रस नसतो आणि सत्राला एकच भव्य लढाई हवी असते. ही आवडही तितकीच मान्य आहे. तिथे नियम बदलावा. बदलांचे तीन प्रकार सहसा सुचवले जातात. पहिला, ‘शील्ड’चे ५ कमी करून २ किंवा ३ करणे, हा मला पटत नाही, कारण त्याचा फटका कमी एसीच्या विझार्डलाही तेवढाच बसतो. दुसरा, मंत्राचा परिणाम ज्या वारावर तो म्हटला त्याच वारापुरता ठेवणे. हा बदल सोपा आहे आणि अनेक शत्रू असलेल्या लढाईत परिणामकारक ठरतो. पण फेरीत एकच मोठा वार करणाऱ्या बलाढ्य शत्रूविरुद्ध मंत्र जवळजवळ पूर्वीइतकाच तगडा राहतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो: ‘शील्ड’चा बोनस आणि हातातल्या ढालीचा बोनस यांची बेरीज करू नये, दोहोंपैकी मोठा तेवढा धरावा. याला जुना आधार आहे. याच खेळाच्या ३.५ आवृत्तीत हा मंत्र ढालीच्याच प्रकारचा ४ चा बोनस देत असे आणि एकाच प्रकारचे दोन बोनस एकत्र मिळत नसत. या नियमाने वरच्या एल्ड्रिच नाइटचा एसी २४ ऐवजी २२ होतो आणि ऑर्कची शक्यता १० वरून २० टक्क्यांवर, म्हणजे थेट दुपटीवर जाते. दोन्ही हातांनी परशू चालवणाऱ्या लढवय्याला त्याची झळ लागत नाही आणि विझार्डचा एसी पूर्वीप्रमाणेच २० राहतो. ज्यांना याहून कडक शिस्त हवी असेल त्यांनी ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतली रचना पाहावी. तिथे ‘शील्ड’ आपल्या पाळीत एक कृती खर्चून आधीच म्हणावे लागते, एसीला फक्त १ मिळतो, आणि त्याने वाराची इजा झेलली की दहा मिनिटे तो मंत्र पुन्हा म्हणता येत नाही. संरक्षण आधी ठरवावे लागणे हा त्या रचनेचा खरा गुण आहे.

बदल कोणताही असो, तो दोन सत्रांच्या मध्ये, सगळ्यांसमोर आणि कारणांसह मांडावा. ज्याच्या पात्रावर परिणाम होतो त्याला ‘वॉर कास्टर’सारखी फीट किंवा शिकलेला मंत्र बदलून घेण्याची मुभा द्यावी. ठरलेला नियम शत्रूंनाही लागू करावा. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधल्या ‘मेज’ या मांत्रिक शत्रूकडे ‘मेज आर्मर’, ‘शील्ड’ आणि ‘काउंटरस्पेल’ तिन्ही आहेत, ‘मेज आर्मर’सह त्याचा एसी १५ आणि हिट पॉइंट ४० आहेत, आणि त्याच्या हातात ढाल नाही. ढालीचा नियम आणल्यावरही तो पूर्वीइतकाच चिवट राहतो.